आनंद कोणाच्या खाती?

मराठी समीक्षेला धर्मांतराची कारणे सांगता येतात. धर्मांतरित माणसाचा आनंद मात्र तिला वाचता येत नाही. विधान कठोर आहे, याची आम्हांला जाणीव आहे. पण नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई, बाबा पदमनजी या चार नावांभोवती आपल्याकडे जे लिहिले गेले आहे ते एकदा सलग वाचून पाहावे. त्यांनी धर्म का सोडला, कोणत्या परिस्थितीत सोडला, त्यांना कोण भेटले, समाजाने त्यांना कसे वागवले, मिशनऱ्यांशी त्यांचे कसे जमले वा बिनसले, या सगळ्याची चर्चा सापडते. या माणसांना पुढे काय लाभले, हा प्रश्न मात्र बहुधा विचारलेलाच नसतो. आणि ही माणसे स्वतः तर त्याविषयीच आयुष्यभर लिहीत होती. आपल्याला देव सापडला, आणि त्याच्यात असा आनंद सापडला की गमावलेल्याचा हिशेब मांडण्याची गरज उरली नाही, हे त्यांच्या लेखनाचे मध्यवर्ती विधान आहे. ते विधान खरे की खोटे हे नंतर ठरवू. आधी ते ऐकू तरी या, एवढीच आमची मागणी आहे.

आम्ही दोघे कारंजा लाड येथे मराठी शिकवतो. आमच्यापैकी कोणीही ख्रिस्ती नाही. त्यामुळे या लेखात कोणाला धर्मप्रचाराचा वास येत असेल तर तो नाकाचा दोष समजावा. आमचा संबंध मजकुराशी आहे. 'स्मृतिचित्रे' वर्गात शिकवताना एखादी विद्यार्थिनी सरळ विचारते, "एवढे सगळे सोसून त्यांना मिळाले काय?" आमच्या टिपणवह्यांत आणि बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तकांत या प्रश्नाला उत्तर नसते. तिथे 'प्रांजळ निवेदन', 'नर्मविनोद', 'तत्कालीन समाजाचे दर्शन' ही नेहमीची शीर्षके असतात. ती चुकीची नाहीत. पण ज्या अनुभवाच्या आधाराने ते पुस्तक उभे आहे, त्याला एकही शीर्षक मिळू नये, हे साहित्याच्या अध्यापनाचे अपयश आहे असे आम्ही मानतो.

हा आनंद बाजूला सारण्याच्या आपल्याकडे तीन रीती आहेत. पहिली रीत कारण दाखवण्याची: या माणसांच्या आयुष्यात दुःख होते, अपमान होता, दारिद्र्य होते, नव्या धर्माने आसरा दिला, आनंद म्हणजे त्या आसऱ्याचे दुसरे नाव. दुसरी रीत आपलेसे करून टाकण्याची: टिळक अभंग लिहीत होते, तेव्हा ते मनाने वारकरीच; ख्रिस्त हे केवळ नाव, आशय आपलाच. तिसरी रीत आज बळावलेली आहे, आणि ती समीक्षकांची नसून काही उपदेशकांची आहे: देवातला आनंद म्हणजे आजार बरा होणे, नोकरी लागणे, कर्ज फिटणे. या तिन्ही रीती एकमेकींच्या वैरी आहेत, पण एका गोष्टीवर त्यांचे मतैक्य आहे. ईश्वरातील आनंद ही स्वतंत्र वस्तू असू शकते, हे तिघींनाही मान्य नाही.

पहिली रीत घेऊ. दुःखातून माणूस देवाकडे वळतो हे खरेच आहे. पण मग हा नियम सर्वांना सारखा लावावा. तुकोबांच्या काळात, १६२९-३० च्या सुमारास, मोठा दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, परंपरा सांगते त्याप्रमाणे पहिली पत्नी आणि मुलगा अन्नावाचून गेले. यावरून तुकोबांची विठ्ठलभक्ती ही बुडालेल्या दुकानाची भरपाई होती, असा निष्कर्ष काढणाऱ्याला आपण अरसिक म्हणू, आणि ते योग्यच होईल. दुःख हे दार असू शकते, पण दाराचे वर्णन केले म्हणजे घराचे वर्णन होत नाही, हे आपण तुकोबांच्या बाबतीत न सांगता समजून घेतो. रमाबाईंच्या आणि टिळकांच्या बाबतीत मात्र दारातच पंचनामा उरकून परत फिरतो.

कारंज्यात राहणाऱ्या माणसाला तर ही गोष्ट अधिकच चमत्कारिक वाटावी. आमचे गाव श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. 'गुरुचरित्रा'त त्यांच्या बालपणाची जी कथा येते ती इथे घरोघर ठाऊक आहे. मुलगा ओंकाराखेरीज काही बोलत नाही. मुंज होताच वेद उच्चारतो आणि घर सोडण्याची अनुज्ञा मागतो. आई अंबा शोक करते. मुलगा जातो, आणि पुष्कळ वर्षांनी संन्यासी होऊन भेटीला येतो. ही कथा ऐकताना मुलाच्या जाण्यामागचे सामाजिक कारण शोधावे असे कोणाला सुचत नाही. देवाच्या ओढीने एखादा घर सोडू शकतो, घरच्यांचे दुःख खरे असते आणि जाणाऱ्याची ओढही खरी असते, हे दोन्ही एकाच वेळी मनात धरण्याची शक्ती आमच्या गावाच्या श्रद्धेत आहे. टिळकांनी घर सोडले आणि लक्ष्मीबाई आकांत करत मागे राहिल्या, ही गोष्ट वाचताना आपण ती शक्ती कुठे हरवून बसतो?

आता रमाबाईंचे पाहू. कारण दाखवणाऱ्यांना त्यांच्या चरित्रात भरपूर साहित्य मिळते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, आई गेली, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इतके मृत्यू आणि मग बाप्तिस्मा. साखळी जुळली, असे वाटते. पण रमाबाईंनी १९०७ मध्ये आपल्या साक्षीचे जे छोटे पुस्तक लिहिले त्यात ही साखळी त्यांनी स्वतःच तोडली आहे. त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतरही सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म तेवढा सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे आसरा १८८३ मध्ये मिळाला होता. मठातल्या भगिनींचा स्नेह, शिक्षण, पुढे अमेरिकेत मानसन्मान, १८८९ मध्ये शारदासदनाची स्थापना, हे सगळे त्या आठ वर्षांत घडले. मन मात्र अशांतच राहिले. सोय हे जर आनंदाचे कारण असते, तर आनंद सोयीबरोबरच यायला हवा होता. तो आला नाही. आणि ज्या काळात तो आला, त्या काळात सोयी एकेक करून सुटत चालल्या होत्या. १८९३ मध्ये शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर यांच्यासारखे आधार बाजूला झाले. पुण्यातले वातावरण विरोधी झाले. कारण आणि कार्य यांची वेळच जुळत नाही, असे हे प्रकरण आहे.

शिवाय हा आनंद कोणी त्यांच्या गळी उतरवलेला नव्हता. इंग्लंडमधल्या आपल्या धर्मगुरू-भगिनींशी रमाबाईंनी पत्रांतून जे वाद घातले ते छापून उपलब्ध आहेत. सिद्धांत पटल्याशिवाय मान्य करणार नाही, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले ते दुसऱ्याच्या जोखडात अडकण्यासाठी नव्हे, ही त्यांची भूमिका त्या पत्रांत स्पष्ट आहे. इतक्या चिकित्सक बुद्धीच्या बाईने पुढे आपल्याला अक्षय ठेवा सापडल्याची ग्वाही दिली, तर तिला भाबडी ठरवण्याआधी दहा वेळा विचार करायला हवा. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ ला त्यांचे निधन झाले. सोप्या मराठीत बायबल उतरवण्याचे जे काम त्यांनी हाती घेतले होते, त्यात त्या अखेरपर्यंत गुंतलेल्या होत्या. ज्या आनंदावर एवढा भार टाकता येतो, त्याला मानसिक भरपाई म्हणणे ही चिकित्सा नाही, आळस आहे.

दुसरी रीत अधिक मोहक आहे, कारण ती प्रेमाने बोलते. टिळक आपलेच, असे ती म्हणते. याला आधार आहे हे आम्ही नाकारत नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो परदेशी मिशनऱ्याच्या नव्हे, भारतीय पाळकाच्या हातून. ख्रिस्ताला त्यांनी गुरू म्हटले, माउली म्हटले. कीर्तन, भजन, अभंग ही साधने त्यांनी चर्चमध्ये प्रतिष्ठित केली. त्यांच्याही आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांनी गोव्यात 'क्रिस्तपुराण' छापले तेव्हा त्यांनी ओवीच निवडली होती. तेव्हा मराठी ख्रिस्ती कवितेची वाट मराठी भक्तीच्या अंगणातूनच जाते, हे निर्विवाद आहे.

परंतु पूल ओलांडणारा माणूस पुलावरच उभा आहे, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. टिळकांना पलीकडे जे दिसले त्याचे वेगळेपण त्यांच्या भक्तिकाव्यातूनच समजून घ्यावे लागते. विठ्ठल विटेवर उभा आहे; भक्ताची वाट पाहत युगानुयुगे उभा आहे. वारकऱ्याचा आनंद वाटचालीचा आणि भेटीचा आहे. टिळकांचा ख्रिस्त इतिहासातल्या एका ठरावीक काळात, एका रोमन सुभेदाराच्या हुकुमाने, चोरांच्या सोबत मारला गेलेला माणूस आहे. त्याला पाहून प्रथम आनंद होत नाही, लाज वाटते, दुःख होते. आपल्यासाठी देवाने हे सोसले, या जाणिवेतून क्षमा मिळाल्याचा अनुभव येतो आणि त्या क्षमेतून आनंद उगवतो. म्हणजे इथला आनंद देवाच्या दुःखातून गेलेला आहे. यात कोणते श्रेष्ठ आणि कोणते कनिष्ठ, हा प्रश्न आम्ही उपस्थित करत नाही. तो उपस्थित करण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण दोन आनंदांची चव वेगळी आहे, एवढे सांगणे हे तर समीक्षेचे प्राथमिक कर्तव्य. चंदनाचा वास आणि मोगऱ्याचा वास दोन्ही सुगंधच, म्हणून त्यांना एकच नाव देणारा माणूस उदार नसतो, त्याला सर्दी झालेली असते.

आणि या 'आपलेपणा'ची किंमतही पाहावी. टिळक आपले ठरले ते कोणते टिळक? फुलामुलांचे कवी. पाठ्यपुस्तकांना त्यांची निसर्गकविता चालली, वत्सल कौटुंबिक कविता चालली. 'अभंगांजली' बहुधा बाहेरच राहिली. 'ख्रिस्तायन' तर पाहिलेले विद्यार्थीही क्वचित भेटतात. टिळकांनी त्याचे दहा-साडेदहा अध्याय लिहिले. ९ मे १९१९ ला ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला नवऱ्याच्या बाप्तिस्म्याच्या बातमीने वेड लागायची पाळी आली होती, तिने त्याच ख्रिस्ताचे चरित्र ओव्यांत पुरे करावे, ही मराठी वाङ्मयातली केवढी विलक्षण घटना! आपण ती तळटिपेत ठेवली. ज्या माणसाच्या श्रद्धेला आपण दाराबाहेर ठेवतो आणि फुले तेवढी आत घेतो, त्याला आपले म्हणणे ही आपुलकी नव्हे. ती निवडक जप्ती आहे.

लक्ष्मीबाईंचा विषय निघालाच आहे तर 'स्मृतिचित्रे'कडे येऊ. त्या पुस्तकातल्या हसण्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. 'नर्मविनोद' हा शब्द तर त्याला कायमचा चिकटला आहे. आमचे म्हणणे असे की ते हसणे हा शैलीचा अलंकार नाही. त्याला श्रद्धेचा आधार आहे. टिळक घरातल्या वस्तू उठून कोणालाही देऊन टाकतात, पैसा हातात टिकत नाही, केव्हाही कोणाला घरी राहायला घेऊन येतात, आणि बाई चिडतात, भांडतात, मग हसतात. हे हसणे येते कुठून? सोवळ्याओवळ्याच्या तणावात घट्ट आवळलेले मन एका क्षणी सैल झाले, तिथून. जातिभेद देवाने केला नाही, माणसाने केला, असे त्यांना आपल्याच मनाशी उमगले आणि आजपासून कोणाच्याही हातचे खाईन-पिईन असा निश्चय त्यांनी केला; हा प्रसंग वाचकांना आठवत असेल. कोणी उपदेश करून हे घडले नाही. टिळकांनीही सक्ती केली नाही. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, आपल्या पायांनी चालत त्या बाप्तिस्म्याला गेल्या. त्या क्षणाआधीचे हसणे आणि नंतरचे हसणे यांत फरक आहे. आधी त्या परिस्थितीला हसतात. नंतर स्वतःला हसतात. स्वतःला हसता येणे हे भय गेल्याचे लक्षण आहे. अशा रीतीने वाचले म्हणजे 'स्मृतिचित्रे' हे केवळ विनोदी आत्मचरित्र राहत नाही. एका बाईचे भय कसे गेले, याची ती कहाणी होते.

इथे आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो जड आहे. टिळक, रमाबाई, लक्ष्मीबाई ही जन्माने ब्राह्मण, सुशिक्षित वा सुशिक्षितांच्या सहवासातली माणसे. त्यांच्या आनंदाची एवढी मीमांसा करता. पण नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या मंडळ्यांत जे आले त्यांतले बहुसंख्य महार आणि मांग होते, दुष्काळाने पिचलेले होते. त्यांना धान्य, शाळा, दवाखाना हवा होता. त्यांच्या बाबतीत तरी कारणमीमांसा खरी नाही काय?

आक्षेपाचा पहिला भाग आम्हांला पूर्ण मान्य आहे. धान्याची गरज होती आणि धान्य मिळाले, यात लपवण्यासारखे काही नाही. भुकेल्याला भाकरी देणे हा ख्रिस्ती धर्माचा मूळ उपदेशच आहे. भाकरी घेणाऱ्याला त्यासाठी कमीपणा देणे हे पोट भरलेल्यांचे शहाणपण आहे. पण भाकरी घेतली म्हणून आनंद खोटा, हे अनुमान कसे निघते? ज्या गावात पाणवठ्यावर हात लावता येत नव्हता, त्या गावातल्या माणसाने प्रभुभोजनाच्या वेळी इतरांबरोबर एकाच भाकरीचा तुकडा आणि एकाच प्याल्यातला घोट घेतला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्याच्या कितीतरी वर्षे आधी मराठी मुलुखातल्या मंडळ्यांत ही गोष्ट देवाच्या नावाने घडू लागली होती. त्या घोटाचा आनंद सामाजिक होता की आध्यात्मिक? ही फोड करणारा माणूस तहानेला कधी वंचित झालेला नसतो. देवाने आपल्याला जवळ बसवले, हा अनुभव घेणाऱ्याला देव आणि पंगत वेगवेगळे काढून दाखवता येत नाहीत, आणि येऊही नयेत.

अर्थात, मंडळ्यांतून जात नाहीशी झाली असे म्हणण्याचा खोटेपणा आम्ही करणार नाही. ती आत शिरली, बाकांच्या रांगांत बसली, सोयरिकीत बोलली. ख्रिस्ती समाजातल्या दलितांनी हे उघडपणे मांडले आहे आणि ते मांडणे न्याय्य आहे. परंतु त्या तक्रारीतला कडवटपणाच सांगतो की ज्या आनंदाचे वचन मिळाले होते तो त्यांनी ओळखला होता. चाखलेल्या गोष्टीचीच उणीव भासते.

आता तिसरी रीत. तिच्याविषयी बोलताना आम्ही ख्रिस्ती वाचकांशी बोलत आहोत, आणि आगंतुक म्हणून थोड्या संकोचाने बोलत आहोत. गेल्या काही दशकांत दूरचित्रवाणीवरून आणि मोठमोठ्या मैदानी सभांतून एक उपदेश ऐकू येतो: विश्वास ठेवा, म्हणजे रोग जाईल, धंदा वाढेल, घरात समृद्धी येईल, आणि आली नाही तर तुमचा विश्वास कमी पडला. आनंद हा शब्द या उपदेशात पावलोपावली येतो. पण हा नवसाचा व्यवहार आहे. नवस बोलणाऱ्या गरजू माणसाला आम्ही हसत नाही. त्याची निकड खरी असते. आम्हांला राग येतो तो निकडीचा बाजार मांडणाऱ्यांचा. कारण या व्यवहारात देव हे साधन होते आणि समृद्धी साध्य होते. देव दिला आणि दुसरे काहीच दिले नाही तर पुरेल काय, हा टिळकांच्या मार्गावरचा खरा प्रश्न इथे विचारताच येत नाही.

टिळकांनी तो कृतीने विचारला. वीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकन मराठी मिशनबरोबर काम केल्यावर १९१७ मध्ये त्यांनी ते पगारी आश्रयस्थान सोडले आणि संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. वय पंचावन्नच्या पुढे, प्रकृती ढासळत चाललेली. समृद्धीच्या उपदेशाने हा माणूस समजत नाही. आसऱ्याच्या सिद्धांतानेही समजत नाही; आसरा हाच हेतू असता तर तो उतारवयात कोणी सोडत नाही. आपल्या पहिल्या आणि तिसऱ्या रीतीला एकाच वेळी खोटे पाडणारी ही घटना आहे.

खुद्द ख्रिस्ती परंपरेचे मूळही असेच आहे. नव्या करारातले फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र आनंदाचे पत्र म्हणून ओळखले जाते. पौलाने ते बंदिवासातून लिहिले आहे. इतके लांब जायचे नसेल तर कोलकात्यापर्यंत जावे. मदर तेरेसांचे १९९७ मध्ये निधन झाले आणि दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली. जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना देवाच्या सान्निध्याची जाणीव होत नव्हती, आत अंधार होता, हे त्या पत्रांवरून जगाला कळले. काहींनी लगेच निकाल दिला की बाईंचे हास्य हे सोंग होते. आम्हांला तसे वाटत नाही. आनंद ही भावनांची लाट असेल तर तो निकाल बरोबर आहे. पण आनंद ही निष्ठा असेल, न दिसणाऱ्याच्या हातात हात देऊन चालत राहणे असेल, तर ती पन्नास वर्षे त्या शब्दाची कसोटी होती. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मदर तेरेसांवर मराठीत पुस्तक लिहिले तेव्हा त्याच्या नावातच 'आनंद' हा शब्द घातला.

दिब्रिटोंचे नाव आले की एक सल बोलून दाखवावी लागते. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. निवड जाहीर होताच विरोध सुरू झाला. वाद झाला तो झग्यावर, धर्मावर, मिशनऱ्यांच्या इतिहासावर. 'सुबोध बायबल' वाचून त्यातल्या मराठीबद्दल, त्यातल्या ईश्वरकल्पनेबद्दल कोणी भांडले असते तर तो वाद साहित्याचा झाला असता, आणि आम्ही दोन्ही बाजू आवडीने ऐकल्या असत्या. विरोध करणाऱ्यांनी पुस्तक उघडले नाही, आणि बाजू घेणाऱ्यांपैकीही बहुतेकांनी सहिष्णुतेचे गोडवे गाण्यापलीकडे ते उघडले नाही. सहिष्णुता ही पुष्कळदा न वाचण्याची सभ्य रीत असते. जुलै २०२४ मध्ये दिब्रिटो गेले. श्रद्धांजल्यांत पर्यावरण होते, हरित वसई होती, सौजन्य होते. या माणसाला सकाळी उठून प्रार्थनेला बसावेसे का वाटत होते, याची चौकशी आमच्या वाचनात तरी आली नाही.

पुन्हा आमच्या गावाकडे वळतो, कारण वाचनाचा एक धडा इथेच आहे. कारंज्याच्या जैन मंदिरांत हस्तलिखितांची जुनी भांडारे आहेत. शतकानुशतके पोथ्या बासनांत बांधलेल्या होत्या; त्यांची पूजा होत होती, वाचन होत नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमरावतीला अध्यापन करणारे हीरालाल जैन यांनी या भांडारांकडे लक्ष दिले आणि 'णायकुमारचरिउ', 'करकंडचरिउ' यांसारखे अपभ्रंश ग्रंथ कारंज्याहून १९३० च्या दशकात विद्वानांपुढे आले. भारतीय भाषांच्या इतिहासाला त्यामुळे नवी पाने मिळाली. त्या पोथ्यांतली वैराग्याची आणि मुक्तीची कल्पना ज्याला स्वतःला पटत नाही, असा अभ्यासकही आज ती समजावून घेतो. ती गाळून उरलेली कथा तेवढी शिकवली तर ग्रंथच हातून निसटेल, हे त्याला माहीत असते.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे बासन मात्र अजून सुटलेले नाही. गंगाधर मोरजे यांच्यासारख्या मोजक्या संशोधकांनी गाठी सैल केल्या. पण त्यांचे काम इतिहासाच्या खात्यात जमा झाले, आस्वादाच्या नाही. आमच्या जिल्ह्यात वाशीमचे मिशन हॉस्पिटल सर्वांना माहीत आहे. तिथे बाळंत झालेल्या, बरे होऊन घरी आलेल्या माणसांची घरे गावोगाव आहेत. त्या दवाखान्याच्या आवारात कोणती गीते म्हटली जातात, त्यांतली किती टिळकांची आहेत, हे मात्र मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही सांगता येत नाही. औषध घेतले, गीत ऐकले नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. 'स्मृतिचित्रे' नेमायचे तर सोबत 'अभंगांजली'तले काही अभंग आणि 'ख्रिस्तायना'तला लक्ष्मीबाईंचा एखादा अध्याय नेमावा. 'फुलामुलांचे कवी' ही उपाधी प्रश्नपत्रिकेतून काही वर्षे रजेवर पाठवावी. आणि धर्मांतराच्या कारणांवर दहा गुणांचा प्रश्न विचारायचा असेल तर लेखकाला काय गवसले, यावरही दहा गुणांचा प्रश्न विचारावा. उत्तर लिहिणाऱ्याने ख्रिस्ती व्हावे लागत नाही, जसे ज्ञानदेवांवर उत्तर लिहिणाऱ्याने माळ घालावी लागत नाही.

टिळकांचा आनंद मिशनच्या खाती जमा नाही, वारकरी संप्रदायाच्या खाती नाही, दुष्काळाच्याही नाही. तो त्यांनी ज्याच्या नावे लिहिला त्याच्याच खाती आहे. ते नाव आपल्याला मान्य नसेल, परके वाटत असेल; पण पत्रावर कोणाचा पत्ता लिहिला आहे हे न पाहता पत्राची भाषा वाखाणणे वाचकाला शोभत नाही.